सात नंबरची किंमत

ही गोष्ट २०४१ सालची. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होते. त्या वर्षी नगरपालिकेच्या कागदावर माझ्या खोलीची किंमत लागली, आणि त्यानंतर दीड वर्ष मला त्या खोलीतून सुटता येईना.

आमचं गाव घाटावरचं, तालुक्याचं. गावाच्या पूर्वेला सूतगिरणी होती. गिरणीनं कामगारांसाठी चार मजली इमारत बांधली होती, एका मजल्यावर आठ खोल्या. १९९८ साली लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा भोंगा झाला की जिन्यात चपलांचा असा काही आवाज भरायचा, की घरातलं बोलणं थांबवावं लागायचं. पुढं गिरणी बंद पडली, भोंगा भंगारात गेला आणि इमारत नगरपालिकेकडं आली. आम्ही गिरणीची माणसं नगरपालिकेचे भाडेकरू झालो. माझे यजमान २०३५ साली गेले. विधवा म्हणून मला भाड्यात सवलत मिळाली. पुढचं सगळं खरं तर त्या सवलतीमुळं घडलं.

मी एसटीच्या नियंत्रण कक्षात होते. एकतीस वर्षं स्टँडवर गाड्या पुकारल्या. भाजीच्या दुकानात तोंड उघडलं की माणसं वळून बघायची, एवढा माझा आवाज गावाच्या ओळखीचा. मूलबाळ झालं नाही. निवृत्त झाल्यावर मी दिवसभर घरीच असायचे, आणि खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. त्यामुळं कामावर जाणारं प्रत्येक माणूस किल्ली माझ्याकडं टाकून जायचं. शाळेतून येणारी मुलं, गावाकडून आलेला पाहुणा, गॅसवाला, सगळ्यांना एवढंच सांगितलेलं असायचं, ‘सात नंबरला विचारा.’ माझ्या दारामागं खिळ्यांची एक पट्टी होती. मधे नगरपालिकेनं सगळ्यांना बोटाच्या ठशाची कुलुपं बसवून दिली. पण ठसा घरातल्यांचाच चालणार, नणंद आली तर तिचा कसा चालेल? लोकांनी त्या कुलुपांवर आपली जुनी कुलुपं लावली आणि किल्ल्या पुन्हा माझ्याकडं आल्या.

किल्ली द्यायला-घ्यायला येणारं माणूस नुसतं जात नाही. दोन वाक्यं बोलतं. मी कुणाला औषध घेतलंस का विचारायचे, कुणाला एवढा उशीर का म्हणून रागवायचे. त्यात मला काही विशेष वाटत नव्हतं.

मला त्या वर्षी दुसरेच वेध लागले होते. माझी धाकटी बहीण विमल देवरुखला असायची. तीही एकटी. तिची दोन खोल्यांची जागा होती, मागं फणस होता. म्हातारपणी एकत्र राहायचं हे आमचं फार जुनं ठरलेलं. त्यात विमलचे डोळे अधू झाले. नजरेच्या मधोमध एक डाग पडतो आणि तो वाढत जातो, असा तो आजार. त्यातला एक प्रकार सुयांनी थांबतो, हिचा दुसरा.

“अक्का, तू कधी येतीस?” ती फोनवर म्हणायची. “तुझं तोंड दिसतंय तोवर ये. नंतर येऊन काय, आवाज तर फोनवरबी ऐकू येतोय.”

“दिवाळीला येते. कायमची.” मी म्हटलं होतं.

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

पूर्वी लेखापरीक्षण म्हणजे जिल्ह्याहून दोन माणसं यायची. एसटीत होते तेव्हा मी ती पाहिलेली आहेत. आठवडाभर कॅन्टीनची भजी खायची, खराट्यांच्या पावत्या मागायची, लाल पेन्सिलीनं टिंबं काढून निघून जायची. खराटे खरेदी झाले का, एवढंच त्यांना बघायचं असायचं. त्या खराट्यांनी स्टँड झाडला गेला का, हे कुणी विचारत नसे.

२०३८ नंतर तो प्रश्न विचारणारं यंत्र आलं. एका रुपयामागं माणसाचं किती बरं झालं, हे ते मोजायचं. नगरपालिकेनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, आम्ही त्याला काटा म्हणायचो. काट्याला दोन ज्ञानेंद्रियं होती. एक भिंतीत. गिलाव्याखालून केसाएवढा बारीक काचेचा धागा सगळ्या इमारतभर फिरवलेला होता. त्यातून सारखा उजेड सोडलेला असतो. कुठं पाऊल पडलं, दार आपटलं, की तिथं धागा किंचित हलतो आणि थोडा उजेड मागं फिरतो. त्यावरून कोण कुठून कुठं गेलं, किती वेळ थांबलं, कुठला जिना चढताना दम लागला, हे कळतं. शब्द ऐकायला कायद्यानं बंदी होती. दुसरं इंद्रिय सांडपाण्याच्या पाइपाखालच्या डब्यात. माणूस काळजीत असला की त्याचं शरीर एक द्रव्य सोडतं, ते लघवीतून बाहेर पडतं. साखर, औषधांचे अंश, तेही पडतात. दोन खोल्यांना मिळून एक पाइप, त्यामुळं कुठल्या दोन घरांत काय चाललंय याचा अंदाज काट्याला रोज मिळायचा.

पण खरी करामत याच्या पुढची. या माहितीवरून काटा स्वतःच्या पोटात आमच्या इमारतीची एक प्रत तयार करायचा. त्या प्रतीतून तो एकेक खर्च काढून बघायचा. लिफ्ट काढली तर वर्षभरात काय होईल? जिन्यातला दिवा काढला तर? आरोग्यसेविकेची फेरी बंद केली तर? जे काढल्यावर माणसांचं जास्त बिघडेल, त्याची किंमत जास्त. माझ्या भाड्याची सवलत हाही नगरपालिकेचा खर्चच. म्हणून एक दिवस काट्यानं प्रतीतून सात नंबरची खोली काढून पाहिली, माझ्यासकट.

हे सांगायला ज्या बाई आल्या त्या मैथिली भोईटे, नगरपालिकेच्या मूल्य लेखापरीक्षक. वय तिशीचं. वेणी घट्ट, बोलणं मोजकं. चहाला नको म्हणाल्या, मग दोन कप प्यायल्या.

“तुमची खोली काढली तर इमारतीचं नुकसान लिफ्ट काढण्यापेक्षा जास्त होतं,” त्या म्हणाल्या. “मी तीनदा तपासलं.”

मला हसू आलं. “लिफ्ट तरी कुठं चालती वो?”

“चालू धरून काढलंय.” त्यांना हसू आलं नाही. “हे मी तुम्हाला सहज सांगितलं. नियमाप्रमाणं अध्यक्षांना कळवावं लागेल. त्यांनी ते फार कुणाला सांगितलं नाही तर बरं.”

आमचे अध्यक्ष म्हणजे सदाशिव तोडकर, रहिवासी मंडळाचे. गिरणीत फिटर होते. मनानं वाईट माणूस नव्हे, पण कौतुकाची गोष्ट पोटात ठेवणं त्यांच्यानं व्हायचं नाही. त्यांनी माझा सत्कार ठरवला.

नको नको म्हणता फ्लेक्स लागला. माझ्या फोटोपेक्षा तोडकरांचा फोटो थोडा मोठा होता. इमारतीसमोर खुर्च्या मांडल्या, शाल, नारळ, फेटा. नजमानं माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. नजमा शिकलगार माझ्या समोरच्या आठ नंबरमध्ये राहायची. माझ्यासारखीच विधवा, माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान, ब्लाऊज शिवायची. तिच्या लेकीचं, आफरीनचं, लग्न आम्ही दोघींनी मिळून जमवलेलं.

तोडकर माइकवर उभे राहिले. “मंडळी, ह्या ताई! लिफ्टपेक्षा, पंपापेक्षा आमची ताई कामाची, हे आता सरकारी यंत्रानं सांगितलंय! मी नव्हं, यंत्रानं!” टाळ्या पडल्या. त्या भरात ते पुढं बोलून गेले, “उद्या ताई न्हाईत असं झालं, तर आपली बिल्डिंग रेषेच्या खाली! मग काय, सगळे बायपासच्या पलीकडं!”

टाळ्या थांबल्या.

रेषा सगळ्यांना माहीत होती. एखादी इमारत सलग दोन सहामाह्या रेषेखाली राहिली, म्हणजे तिच्यावरच्या रुपयाचं पुरेसं चीज होत नाही असं ठरलं, की ती रिकामी करायची आणि माणसं बायपासपलीकडच्या अठरा मजली मनोऱ्यांत हलवायची. तिथून गावात यायला दिवसाला तीन बस. आमची इमारत रेषेच्या जेमतेम वर होती. पण ती माझ्यामुळं वर आहे, हे त्या दिवसापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं.

नजमाच तेवढी पुटपुटली, “एवढं माइकवर कशाला सांगायचं?”

दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याशी जपून वागू लागले. कुणी डबा आणून देई, कुणी माझी पिशवी हातातून घेई. पायरीवर माझा पाय जरा घसरला तर वरच्या मजल्यावरून तीन माणसं धावत आली. मी खोकले की दुपारी डॉक्टर दारात. ज्या मुलांना मी रागवायचे ती मला नमस्कार करू लागली. किल्ली टाकायला आलेलं माणूस आता दोन वाक्यं बोलेना, नुसतं माझ्या तोंडाकडं बघे, बरी आहे ना ही, म्हणून.

गणपतीनंतर विमलला डॉक्टरांकडं न्यायला मी चार दिवस देवरुखला गेले. परत आले तर तोडकर दारातच. चेहरा उतरलेला.

“ताई, चार दिसांत आपन रेषेच्या खाली आलो. काटा पडला वो एकदम.”

चार दिवस माणसं घाबरून होती. ही परत येते का, आली नाही तर आपण जाणार कुठं? रात्रभर झोप नाही, घरोघरी भांडणं. ते सगळं भिंतीतल्या धाग्याला कळलं आणि पाइपातल्या डब्यात उतरलं. काट्यानं साधा हिशेब केला, सात नंबर रिकामी असली की माणसं आजारी पडतात. माझी किंमत दुप्पट झाली. ते ऐकून लोक आणखी घाबरले.

दिवाळीच्या आधी मी बॅग भरली आणि कुणाला न सांगता स्टँडवर गेले. जिथं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या, तिथं बाकावर बसून आंबा घाटातून जाणाऱ्या गाडीची वाट बघत होते. गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात चार स्कूटर येऊन थांबल्या. तोडकर, त्यांची बायको मंदा, वरच्या मजल्यावरचे आणखी पाच-सहाजण.

“अवो ताई, कुठं निघालाय? न सांगता?”

“बहिणीकडं. मी सांगितलेलं आहे, दिवाळीला जाणार म्हणून.”

“जावा की. कोन न्हाई म्हनतंय?” तोडकरांनी हात जोडले. “दोन दिस जावा, आन् या. आमी गाडी करून देतो.”

“कायमची चाललेय मी.”

मंदानं त्या गर्दीत, फलाटावर, वाकून माझे पाय धरले. “माझी सून पोटुशी हाय वो ताई. मनोऱ्यात दवाखाना न्हाई. तेवढं बाळंतपन होऊ द्या.”

कंडक्टर म्हणाला, “मावशी, बसायचं का उतरायचं?”

मी उतरले. कुणी मला ओढलं नव्हतं, दारात माणूस बसवला नव्हता, कुठल्या कायद्यानं अडवलं नव्हतं. मी केव्हाही जाऊ शकत होते. फक्त माझ्यामागं बत्तीस घरांच्या चुली हलणार होत्या. बाळंतपण झालं, मग कुणाच्या मुलीची दहावी आली, मग कुणाच्या वडलांचं ऑपरेशन. विमलच्या फोनवरच्या गोष्टी तेवढ्यात बदलत गेल्या. आधी तिला सुईत दोरा घालता येईना. मग तांदळातले खडे दिसेनात.

“आता तुझा फोटो बगितला अक्का,” ती एकदा म्हणाली. “केस दिसले. कान दिसले. मधलं काय दिसंना.”

त्यानंतरच्या पाहणीला मैथिली भोईटे आल्या तेव्हा मी त्यांना आत घेऊन दार लावून घेतलं.

“बाई, मला एक सांगा. मी नसताना हे आजारी पडत नाहीत. हे घाबरतात. काट्याला ह्यातला फरक कळत नाही का?”

त्यांनी बराच वेळ कप हातात फिरवला. “नाही कळत. तुम्ही नसताना काय झालं ते त्याला दिसतं. का झालं ते दिसत नाही. मी तसा अहवाल पाठवलाय. वरून उत्तर आलं, भीती हीसुद्धा हानीच आहे, ती वजा करता येणार नाही.”

“मग मी मरेपर्यंत इथंच?”

“तुम्ही गेल्यावरसुद्धा प्रश्न आहेच,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी कप खाली ठेवला.

मी विचारलं, “सात नंबरची किंमत शून्य केव्हा होईल?”

“तुम्ही असलात काय, नसलात काय, कुणाला काही फरक पडेनासा झाला की.” मग सावकाश म्हणाल्या, “आणि ते लोकांना समजावून सांगून होणार नाही. सांगितलंत तर ते पुन्हा काट्याचीच काळजी करायला लागतील. ते खरंच वाटायला हवं.”

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मी जे ठरवलं ते त्यांनी सुचवलं असं मी कधी म्हणणार नाही.

श्रावणात एका सकाळी मी पट्टीवरच्या सगळ्या किल्ल्या परातीत काढल्या आणि दारोदार नेऊन दिल्या. “आजपासून आपापली किल्ली आपापल्याकडं. मी काही तुमची रखवालदार नाही.” दार लावलं. मुलं दार वाजवायची, मी उघडायचे नाही. मंदानं डबा आणला, तो तसाच जिन्यात ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत मांजरानं तो सांडला. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जगदाळे मास्तरांना चढताना चक्कर आली, ते माझ्या दाराला टेकून बसले. मी आत बसून त्यांचा श्वास ऐकत होते. दुसरं कुणीतरी येईपर्यंत मी उठले नाही.

पहिला महिना उलटंच झालं. लोक घाबरले, काटा खाली गेला, माझी किंमत आणखी वर. तोडकर दारापाशी येऊन म्हणायचे, “ताई, काय चुकलं आमचं?” मग त्यांना राग आला. जिन्यात मोठ्यानं बोलायला लागले, सरकारी पाहुणी, डोक्यावर चढवली म्हणून. राग सांडपाण्यात दिसतो, भीतीसारखाच दिसतो. पण राग काही महिन्यांत विरतो. थंडीपर्यंत लोकांनी मला टाकून दिलं. किल्ल्या नजमाकडं जाऊ लागल्या, कारण शिवणकामामुळं तीही दिवसभर घरीच. मुलं तिच्या दारात दप्तर टाकू लागली. मला ती माझ्या बंद दारातून ऐकू यायची.

मैथिलीबाई जानेवारीत आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, “सगळीकडं तुमचा भार उतरलाय. एका पाइपाला सोडून.”

कुठला पाइप, ते विचारायची गरज नव्हती. सात आणि आठचा एकच पाइप होता.

नजमाला राग येतच नव्हता. मी दार उघडलं नाही तर ती बाहेर बसून बोलायची. “आज आफरीनचा फोन आला होता ताई. नाशिकात लई थंडी म्हणती.” मग थोडं थांबून, “तुमाला कायतरी झालंय. सांगत न्हाई तुमी. ऱ्हाऊद्या.” मी गेले असते तर नजमा खचली असती, आणि आता सगळी इमारत तिच्यावर टेकलेली.

त्या फेब्रुवारीत मला ताप आला होता. दुपारी नजमा खिचडीची वाटी घेऊन आली. त्या दिवशी मी दार उघडलं.

“आलं घातलंय, गरम हाय तोवर खावा,” ती म्हणाली.

तिची सासू, अम्मी, पूर्वी तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. नजमानं तिचं सगळं केलं. एका दुपारी नजमा ब्लाऊज द्यायला पेठेत गेली असताना म्हातारी झोपेत गेली. चारच्या चहाला मी किल्लीनं दार उघडलं तेव्हा ती शांत पडलेली होती, हात छातीवर. मीच नजमाला सांगितलं होतं, अम्मींना काही त्रास झाला नाही.

मी वाटीकडं न बघता म्हटलं, “अम्मी झोपेत गेल्या म्हणून सांगितलं ना मी तुला? झोपेत नाही गेल्या. तुला हाका मारत होत्या. दुपारभर.”

नजमा नुसती बघत राहिली.

“मला इथं ऐकू येत होतं. किल्ली माझ्याकडंच होती. पण तुमची दुखणी काढून काढून मला कंटाळा आला होता. नाही उठले मी.”

एक अक्षर खरं नव्हतं त्यातलं.

तिनं वाटी खाली ठेवली, अगदी अलगद, सांडू नये अशी. आणि समोरचं दार लावून घेतलं. त्या घरात शिवणयंत्र चार दिवस चाललं नाही. पाचव्या दिवशी सुरू झालं. त्यानंतर ती माझ्या दारावरून जाताना पाऊल थांबवेना.

होळी झाल्यावर सहामाहीचा काटा आला. सात नंबर, शून्य. इमारत रेषेच्या वर. मी खोली सोडण्याचा अर्ज दिला, तोडकरांनी माझ्याकडं न बघता ना हरकत दाखल्यावर सही केली. बॅग मी स्वतःच उचलून स्टँडवर नेली. आंबा घाटात खिडकीतून गार वारा लागला तेव्हा मला खूप हलकं वाटायला हवं होतं. मला त्या वाटीतल्या आल्याचा वास येत होता.

विमल दारात उभी होती. हातांनी माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. “उशीर केलास अक्का,” म्हणाली, “पण आलीस.” तिला माझे कान तेवढे दिसत होते. आम्ही चार वर्षं एकत्र राहिलो. दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवायचे आणि ती मला स्टँडवरच्यासारखं गाड्या पुकारून दाखव म्हणायची. २०४७ साली ती गेली. घर माझ्या नावावर आहे, मी अजून तिथंच आहे, ब्याऐंशी वर्षांची.

तोडकर २०४५ साली दुसऱ्या मुलाकडं पुण्याला गेले. त्यांना कुणीच अडवलं नाही. त्यांची खोली काढून पाहिली तर काट्याला काही फरक पडला नव्हता, आणि ते त्यांना फार लागलं, असं मंदा फोनवर म्हणाली. गावातल्या सुनेला मुलगा झाला होता. तो आता मनोऱ्याजवळच्या शाळेत जातो, कारण गावातली शाळा काट्यानं बंद केली.

मैथिलीबाईंनी आणखी दोन अहवाल पाठवले आणि नोकरी सोडली. जाण्याआधीच्या शेवटच्या पाहणीत कुठल्या खोलीची किंमत वाढलीय, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आता त्या एका दूध संघात आहेत. तिथं दुधाला फॅट किती तेवढंच बघायचं असतं, असं त्यांनी मला कळवलं. त्यांच्या जागी जे साहेब आले त्यांनी अध्यक्षांना नियमाप्रमाणं सगळं कळवलं.

इमारत उभी आहे. रेषेच्या वर आहे.

नजमाचा फोन २०५१ साली आला. आठ वर्षांनी तिचा आवाज ऐकला. मागं शिवणयंत्र चालू होतं आणि दारात मुलं भांडत होती.

“ताई, मला आफरीनकडं जायचंय. नाशिकला. तिला मुलगी झालीय, तिला कोण न्हाई बघायला.” मग म्हणाली, “सोडत न्हाईत मला. परवा स्टँडवर आले होते सगळे.”



“तुमी कशा सुटला?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. शेवटी म्हटलं, “अम्मी झोपेतच गेल्या, नजमा. हात छातीवर होते. मी हाक ऐकली नाही, कारण हाक आलीच नव्हती.”

पलीकडचं यंत्र थांबलं. मुलांचा आवाज तेवढा येत राहिला. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि तिनं द्याव्यात अशी माझी फार इच्छा होती.

“आठ वर्षं मी रोज दुपारी ऐकत बसलीय, कोण हाक मारतंय का,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हंजे सुटायचं तर असं करायचं. कुणालातरी.”

“हो.”

पलीकडं कुणी लहान मुलगी तिला विचारत होती, काकी, आमची किल्ली द्या. नजमा उठल्याचा आवाज आला. “पाणी पी आदी,” ती त्या मुलीला म्हणाली, “घामानं भिजलीस.” मग फोनवर आली.

“मला न्हाई जमायचं ते, ताई.”

ती अजून आठ नंबरमध्येच आहे. आफरीनच्या मुलीला तिनं आतापर्यंत दोनदा पाहिलंय.